टाकीबाहेरचं रीळ

फाटक करून घ्यायला गेलो, तर शेडमध्ये भलीमोठी लोखंडी टाकी आडवी पडली होती. वेल्डर दत्तूभाऊ तिच्या पोटात होते. बाहेर स्टँडवर वेल्डिंगच्या वायरचं रीळ हळूहळू फिरत होतं, वायर आत जात होती.

"ते फिरतंय तोवर आतला माणूस ठीक," मालक म्हणाले.

न दिसणाऱ्या माणसाची नाडी अशी डोळ्यांना दिसावी! घरोघरी असं एखादं रीळ हवं, असं वाटून गेलं.

थोड्या वेळाने दत्तूभाऊ बाहेर येऊन आमच्यात चहाला बसले. रीळ पुन्हा फिरू लागलं. सावकाश, कुणी आतून ओढून घ्यावं तसं.

"ब्रेक ढिला असेल," मालक पुटपुटले.

दत्तूभाऊंनी कप खाली ठेवला आणि टाकीच्या तोंडाशी वाकून विचारलं, "कोण आहे रे आत?"

आवाज टाकीत घुमला. रीळ थांबलं.