माझ्या मागचं दळन

शाळंत मी गेल्तो. सुकडी खायला. सुकडी खाल्ली की मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी. म्हनून हे मी नुसतं बोलून राह्यलो, लिहून भाची घेती.

गावात मला नकल्या म्हनत्यात. सरपंचाची चाल, गिरनीवाल्याची शिंक, समदं करून दावायचो. हाटेलीवरचे लोक हसायचे आन् चहा पाजायचे. त्यांना काचेच्या गिलासात, मला कागदाच्या. मला वाटायचं, पाहुन्यासारखं करून राह्यले.

औंदा आमच्या वस्तीतल्या पोराची वरात देवळासमोरून वाजत गेली. नवरदेवाला घोड्यावरून वढून मारलं. त्याच्या बापानं भोकरदनला जाऊन केस टाकली. मंग बाहेरगावची पोरं झेंडे लावून मोटारसायकलीवर आली, देवळात बैठक झाली. ठरलं की बौद्धवस्तीला काम न्हाई, किराना न्हाई, जीप न्हाई, दळन न्हाई. देईल त्याला दंड. गावाच्या मोबाईलच्या ग्रुपात कोनीतरी हे बोलून टाकलं. त्या ग्रुपात मीबी व्हतो, हसवायला ठेवल्याला. मी अर्धंच ऐकलं आन् सवयीनं हसनारं तोंड पाठवलं.

बंदी बाकीच्यांला असंल, मला कोन अडवतो, असं मला बराबर वाटत व्हतं. ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरनीत गेलो. डबा ठेवला आन् सरपंचाची चाल करून दावली. गिरनीवाला माझ्याच वयाचा, माझ्या नकलांनी त्याला ठसका लागायचा. तो पट्टा चढवत म्हनला, "नकल्या, घरी जाय."

मी चाल पुन्हा केली. म्हनलं, पहिली जमली नसंल.

"घरी जाय म्हनलं ना."

बायकोनं शेजारनीचं जुनं जातं मागून आनलं. आठवड्यात तिच्या तळहाताला फोड आले. मीबी बसलो दळायला. माझ्या पिठात खडे जास्त निघाले.

आमच्या वस्तीत एक मास्तरीनबाई हायेत. त्यांनी जालन्याला चकरा मारमारून साहेब लोक गावात आनले. शांततेची बैठक झाली. मोठा साहेब म्हनला, गिरनी आत्ता चालू करा, माझ्यासमोर. आता पहिलं दळन कोनाचं? वस्तीतलं कोनी उठंना. बायकोनं तिच्या हाताकडं बघितलं, मंग माझ्याकडं. उठलो, घरून ज्वारीचा डबा आनला.

गिरनीवाला म्हनला, "या भाऊ."

मी मागं वळून बघितलं, कोन आलं म्हनून.

फोटो निघाले. पीठ गरम गरम डब्यात पडलं. साहेबाच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या.

आता गिरनीची एक रीत असती. पहिल्याचं मूठभर पीठ दगडात राहतं, ते दुसऱ्याच्या दळनात उतरतं. म्हनून बाजरीमागं कोनी आपले गहू टाकू देत न्हाई. पन माझी ज्वारी व्हती, आन् माझ्या मागं एक म्हातारी व्हती, तिचीबी ज्वारीच. म्हातारीनं पाटी मागं वढली.

"याच्या मागं माझं नको टाकू रे बाबा."

"थांब आजी," गिरनीवाला म्हनला. त्यानं घरातली शेरभर ज्वारी आनली, दगडातून काढली, ते पीठ घमेल्यात धरलं आन् दारातल्या कुत्र्यांपुढं वतलं. कुत्र्यांनी चाटून पुसून खाल्लं.

गप घरी यायचं का न्हाई? पन माझी जीभ. म्हनलं, "मालक, कुत्री बाटली की. आता राखनीला दुसरी आना."

म्हातारी हसली. पदर तोंडाला लावून, पन हसली. तेच नडलं.

गिरनीवाल्याच्या भावानं माझा डबा नालीत पालथा केला. मंग रिकामा डबा माझ्या डोक्यात घातला आन् वरून फुकनीनं बडवायला लागला. डब्याच्या आत आवाज लई मोठा येतो. तरीबी बाहेरचं हसनं ऐकू येत व्हतं. माझ्या कोन्त्याच नकलंला गाव इतकं हसलं नव्हतं.

मास्तरीनबाईनं मला ठाण्यात नेलं. हवालदार म्हनला, "तू नकल्या ना? खरं सांगून राह्यला का नक्कल करून राह्यला?"

"खरं, साहेब."

"कसं मारलं, दाव."

मी दावलं. तो हसला. शेजारचाबी हसला. बाई म्हनल्या, "हसून झालं असंल तर लिहून घ्या." मंग लिहिलं.

दोन दिवसांनी गिरनीवाल्याचा भाऊ माझ्या दारात. आत आला न्हाई, उंबऱ्याबाहेर उभा.

"मस्करी व्हती म्हनून सांग ठाण्यात. तुझं कोनबी पटकन खरं मानंल. उद्यापासून तुझं दळन चालू."

"आन् बाकीच्यांचं?"

"तुला काय करायचं बाकीच्यांचं? तू आपला मानूस."

बायको आत दळून राह्यली व्हती. हाताला चिंधी बांधून. तिनं ऐकलं, पन जातं थांबवलं न्हाई, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. एकदा नुसतं तिनं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हनलं, "मालक, मस्करी माझा धंदा हाये. मला वळखू येती. ती मस्करी नव्हती."

"मंग खाय खडे," तो म्हनला आन् गेला.

खडे खातोच हावोत. जमलं तर यष्टीनं डबा भोकरदनला नेतो. गावातली गिरनी आम्हाला अजून बंद हाये. माझी केस जालन्याच्या कोर्टात हाये. बाई म्हनत्यात, साक्ष देताना तोंड सरळ ठेवा, न्हाईतर तिथंबी हसतील. म्हनून रोज सांजच्याला बायकोपुढं उभा राहून समदं पहिल्यापासून सांगतो, डब्यापर्यंत. ती ऐकती आन् म्हनती, अजून तुमचं तोंड हसल्यावानीच दिसतं.