चिंधी बांधलेल्या सात शेंगा

१३ जानेवारी, भोगी. पावटे सोलून झाले होते, वांगी चिरून पाण्यात टाकली होती. चौधारीच्या कोवळ्या शेंगा तेवढ्या तोडायच्या राहिल्या होत्या. स्टूल घेऊन मागच्या अंगणात गेले, तर भिंतीपलीकडून शेजारच्या बाईंनी वाटी पुढे केली.

"वहिनी, भोगीची भाजी! गरम आहे तोवर घ्या."

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्या दोन रो-हाउसमध्ये एकच भिंत आहे. वाटीत गाजर, हरभरे, बोरं होती आणि मधे मधे टपोरे गोल दाणे. पावटे नव्हते, मटारही नव्हते.

"हे कसले दाणे, बाई?"

"अहो, आपल्या चौधारीचे! पाच-सात शेंगा जून होऊन नुसत्या लोंबत होत्या. म्हटलं, वाया कशाला घालवायच्या? पाच शिट्ट्या दिल्या तेव्हा कुठे मऊ पडले."

"चिंध्या बांधलेल्या त्या शेंगा?"

"त्याच. काय गाठी मारल्या होत्या तुम्ही! सोडवता सोडवता नखं दुखली माझी."

मी वाटी हातात धरून उभी राहिले. माझं सगळं बियाणं त्या वाटीत शिजलेलं होतं.

चौधारी बाजारात रोज दिसत नाही, म्हणून सांगते. घेवड्यासारखा वेल, पण शेंगेला चार बाजूंनी झालरीसारख्या धारा. जूनमध्ये लावला की पावसाळाभर नुसता पाला वाढतो. उतावळा माणूस तेवढ्यात उपटून टाकतो. दिवस लहान झाले की मग निळी फुलं येतात आणि दिवाळीनंतर शेंगा. कर्नाळ्याच्या पायथ्याशी हायवेला एक म्हातारी भाजी घेऊन बसायची, तिने मला मूठभर बी दिलं होतं. देताना लुगड्याच्या काठाची एक चिंधीही फाडून दिली. म्हणाली, "ही बियाच्या शेंगंला बांध. चिंधी बांधलेल्या शेंगंला आमच्याकडं चोर पन हात लावीत नाय." आणि निघताना म्हणाली, "बी नाय धरलं तरी घाबरू नको. खाली कंद हाय. तो पन खातात, तो पन फुटतो. पन खनून काढलास तर जगंल का नाय, ते त्याच्या मर्जीवर."

रस्ता रुंद झाला तेव्हापासून ती तिथे बसत नाही. दोनदा जाऊन विचारलं, कोणाला माहीत नव्हतं.

तिच्या बियांच्या वेलाला धरलेल्या कंदावरच तीन वर्षं वेल फुटतो आहे. पण कंद जुना झाला, शेंगा कमी होऊ लागल्या. गेल्या वर्षी डब्यातल्या बियांना भुंगा लागला. म्हणून यंदा सात चांगल्या शेंगा निवडल्या, सातही शेंगांना लाल चिंध्या बांधल्या आणि बाईंना बोलावून दाखवल्या. बाईंना सांगावं लागलं, कारण मूळ माझ्याकडे असलं तरी वेल त्यांच्याकडे गेला आहे. मागे टॉवर उभा राहिल्यापासून माझ्या अंगणात ऊन येत नाही. त्यांच्या मागच्या पोर्चच्या जाळीवर दिवसभर येतं. शेण, राख, पाणी माझं आणि शेंगा त्यांच्या जाळीवर. त्या रोज हव्या तेवढ्या तोडायच्या. मी कधी बोलले नाही. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर "आमच्या परसबागेतली चौधारी" असा फोटो टाकला, तेव्हाही खाली अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी झाले. सात शेंगा सोडून बाकी सगळं तुमचं, एवढंच सांगितलं होतं. तेव्हा बाईंनी मान डोलावली होती.

"बाई, ते बी होतं," मी म्हटलं.

"अगं बाई! मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधलं असेल." आणि हसल्या. "जाऊ दे, पुढच्या वर्षी धरू. उद्या संध्याकाळी हळदीकुंकू आहे हं. वेलाखालीच खुर्च्या मांडतेय. सगळ्याजणींना आमचा वेल बघायचाय."

"येते ना," मी म्हटलं.

एकेक दाणा नखाने दाबून पाहिला. सगळे पिठूळ झाले होते. कोवळ्या शेंगा न तोडताच आत आले. जेवताना नवऱ्याने बाईंच्या भाजीची वाटी पुढे ओढली आणि म्हणाला, "चवीला बरे आहेत की. एवढ्याशा दाण्यांसाठी तोंड का पाडलंस? माफी मागितली ना त्यांनी?"

"नाही मागितली."

"मग भांड जाऊन."

भांडायला मला वेळ नव्हता. भांडले असते तर बाईंनी कॉलनीभर सांगितलं असतं की चार दाण्यांवरून वहिनी अंगावर आल्या. शिवाय वेल तसाच त्यांच्या जाळीवर राहिला असता. बाईंना शेंगा काय, बाजारात दुसऱ्या कुठल्याही मिळतील. त्यांना वेल दाखवायचा होता. बाईंची वाटी घासून पालथी घातली आणि खुरपं शोधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर कापला. मग चारही बाजूंनी माती सैल करून कंद काढले. काही करंगळीएवढे, काही चांगले मुळ्याएवढे. बुंध्याला चिकटलेले बारीक कंद तसेच उचलून गच्चीवरच्या पिंपात लावले, बाईंच्या भिंतीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, उन्हात. जगतील की नाही, माहीत नाही. जाड होते ते धुऊन मीठ घालून उकडले, सोलले, फोडी केल्या आणि बाईंच्या वाटीत भरल्या. कोणाची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

दहाच्या सुमारास भिंतीपाशी जाऊन हाक मारली. बाई नवी साडी नेसून तिळगूळ घेऊनच आल्या.

"घ्या, गोड बोला! आणि हे काय, रताळं?" त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "नाही हो, शेंगदाण्यासारखं लागतंय. छान आहे. एखादा कच्चा द्या ना, कुंडीत लावीन."

"सगळे उकडून झाले."

"पण कशाचे आहेत?"

"आपल्या चौधारीचे. म्हटलं, वाया कशाला घालवायचे?"

बाईंनी वर पाहिलं. ऊन जाळीवर आलं होतं. पानं कडेने वळून खाली लोंबली होती, फुलं मिटली होती. खाली खुर्च्या गोलात मांडून झाल्या होत्या. बाईंच्या तोंडातली फोड तशीच राहिली.

मी तिळगूळ खाल्ला आणि गुळपोळ्या लाटायला घरात आले.