थंड हवेची तक्रार

राजाजीनगरातील एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर मी गेली अनेक वर्षे अर्ज लिहितो. माझे शाळेतील शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. परंतु माझ्या कन्नड अर्जाची भाषा पाहून नवे कारकून मला निवृत्त अधिकारी समजतात, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. घरी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतो. म्हणूनच आमच्या जातभाईंपैकी कोणी अडला की तो प्रथम माझ्याकडे येतो.

एका हिवाळ्यात अशीच एक विधवा बाई आली. ती इडलीचे पीठ वाटून विकते. तिच्या पत्र्याच्या खोलीमागे अरुंद बोळ आहे आणि बोळापलीकडे एक लॉज. लॉजवाल्याने पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी त्या बोळात एक नवे विजेचे यंत्र बसवले होते. त्याच्या पंख्याची हवा थेट तिच्या भिंतीवर येत असे.

"अण्णा, पीठ फुगत नाही हो. थंडीत दरवर्षी स्वल्प उशीर होतो, पण आता सकाळी झाकण काढलं की काल वाटलं तसंच. खिडकीला फळी ठोकली, तरी गारठा आत येतोच. मुलींच्या वसतिगृहानं सांगितलंय, सोमवारी चांगलं पीठ दिलं नाही तर दुसरीकडून घेऊ."

ते वसतिगृह गेले की तिच्या पिठाचे निम्मे गिऱ्हाईक जाणार होते.

"अक्का, गारठा नव्हे, उष्मा म्हणा," मी म्हणालो. "पाणी तापवणारं यंत्र गार हवा कसं सोडेल? साहेब हसतील."

"मी पंख्यापुढं हात धरून बघितलाय."

"अर्ज कसा लिहायचा, ते मला शिकवू नका."

मी लिहिले की यंत्रातून निघणाऱ्या अतोनात उष्ण वायूमुळे अर्जदाराचे पीठ नासते. खाली नेहमीची ओळ घातली : मजकूर वाचून दाखवला व समजला. तो वाचून दाखवला नव्हता. कोणालाच दाखवत नाही. मागे रांग असते. तिने सही केली.

दोन दिवसांनी तपासणीस बोळात गेले. त्यांनी पंख्यापुढे हात धरला, मग दुसरा हात धरला आणि हसले. लॉजचा मॅनेजर म्हणाला, "सर, हिला फुकटात एसी मिळतोय, तरी रडते!" तपासणीसांनी तिला विचारले, "तुझ्या अर्जात काय लिहिलंय, ते तुला माहीत आहे का?" तक्रार असत्य म्हणून निकाली निघाली.

हे सगळे तिने मला फाटकापाशी उभ्यानेच सांगितले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरे झाले असते, कारण ती गेल्यावर माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही. वारसाच्या दाखल्यासाठीच्या एका अर्जात मी दोनदा चुकीचे गाव लिहिले. डबा उघडला आणि तसाच बंद केला. गुरुवार होता, सोमवार चार दिवसांवर आला होता. मी कधीही जागेवर जात नाही, जागा माझ्याकडे कागदावर येते. पण त्या दुपारी खुर्ची उलटी करून मी बोळात गेलो आणि पंख्यापुढे हात धरला. बोटे गार पडली.

तेथे कोल्हापूरकडचा एक मेकॅनिक यंत्राची जाळी धूत होता.

"काका, एवढं काय बघताय?"

"पाणी गरम होते, आणि हवा थंड! हे यंत्र बिघडले आहे."

"बिघडलं नाही, चांगलं चाललंय. घरचा फ्रिज मागून गरम लागतो का नाही? आतली उष्णता मागं टाकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात टाकतं. उष्णता तयार करत नाही, फक्त हलवतं. म्हणून वीज कमी खातं."

"या थंडीत हवेत उष्णता कोठून?"

"आपल्याला थंडी, नळीतल्या द्रवाला नाही. तो इतक्या कमी तापमानाला उकळतो, की ही हवासुद्धा त्याला चुलीसारखी. हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? तशी ती तापते, पाण्याला उष्णता देते आणि पुन्हा पातळ होते. मग बारीक छिद्रातून सुटली की एकदम गार, की परत हवेकडं. थंड मुलखात याच रीतीनं अख्ख्या इमारती हिवाळ्यात उबदार ठेवतात, आणि उन्हाळ्यात चक्र उलटं फिरवून गार."

मी त्याला तीन वेळा सांगायला लावले. तिसऱ्यांदा तो वैतागला, पण मी हटलो नाही. त्या द्रवाचे नाव त्याने सांगितले, ते मला धरून ठेवता आले नाही. चक्र मात्र कळले. आणि कळल्यावर अंगावर आले, कारण ही गोष्ट त्या बाईला हाताने आधीच ठाऊक होती.

"मग ही गार हवा दुसरीकडे वळवता येईल?"

"पत्र्याचा मोठा पाइप लावून यांच्याच जेवणघरात सोडता येईल. तिथं भटारखान्याच्या धगीनं गिऱ्हाइकं घामाघूम होतात."

शुक्रवारी दुसरा अर्ज लिहिला, थेट लॉजच्या मॅनेजरच्या नावे. त्यात 'मागील अर्जातील चूक अर्जदाराची नसून अर्जलेखकाची आहे' असे एक वाक्य आहे. आयुष्यात इतका वेळ मला दुसऱ्या कोणत्याही वाक्याला लागलेला नाही.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचला.

"ते 'अतोनात' काढा. अतोनात नाही, रोज."

मी ते काढले.

मॅनेजरने अर्ज निम्मा वाचला. "जेवणघरात गार हवा, तीही फुकट? मग अर्ज कशाला, आधी सांगायचं की!" त्याला एक उत्तर द्यावे असे फार वाटले, दिले नाही. शनिवारी दिवसभर पाइप बसवण्याचे काम चालले आणि मी कचेरी व बोळ यांच्यामध्ये किती खेपा घातल्या, त्या मोजल्या नाहीत. रविवारी तिने पीठ वाटले.

सोमवारी उजाडताच मी तिच्या दारात होतो. पीठ फुगले तर काय बोलायचे आणि न फुगले तर काय, अशी दोन्ही वाक्ये मनात मांडून नेली होती. तिने झाकण काढले. पीठ काठापर्यंत चढले होते. मध्ये एक बुडबुडा फुटला, त्याचा आंबूस वास आला. तिने बोट बुडवून चाखले आणि झाकण लावले. भांडे कमरेवर घेतले.

मी घसा खाकरला.

"सरा बाजूला, अण्णा," ती म्हणाली, "ऑटो थांबलाय."

मी बाजूला झालो.