दोघींचा हिरवा सूट

चंडीगढजवळच्या झिरकपूरच्या उड्डाणपुलाखाली गाड्या तुंबायला लागायच्या आत सरोज जगदाळेची निम्मी कणीक लाटून झालेली असे. चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, आणि खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची भिंत. आभाळ बघायचं तर ओट्यावर वाकून मान तिरकी करावी लागे. मोहालीच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी पोरं तिच्या डब्यावर जगत. राजमा-चावलनं जीव कंटाळला, की कुणीतरी कुणाला तरी तिचा नंबर देई, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक डबा वाढे.

सरोज मूळची खटावकडची. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. त्या कोरड्या मुलखातली ही शेलाटी पोर अच्युत जगदाळे नावाच्या फौजेतल्या शिपायाशी लग्न करून निघाली, ती हिंदुस्थान फिरली. बायका वयानं वाढतात. सरोज बदल्यांनी वाढली. दर छावणीनं तिच्या अंगावर थोडं थोडं ठेवलं आणि गाडी पुढं गेली. अच्युत सुभेदार होऊन चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाला, लेक अक्षरा इथंच कॉलेजात होती, म्हणून त्यांनी झिरकपुरात फ्लॅट घेतला. तोवर सरोजचे गुडघे बोलत होते, साखरेच्या गोळ्या दोन वेळा सुरू होत्या, आणि झोपेत तिचा श्वास असा अडकायचा, की अच्युत उठून तिला गदागदा हलवायचा.

मग वजन उतरवायचं ते ऑपरेशन झालं. चंडीगढच्या एका दवाखान्यात, फौजेच्या खर्चानं, डॉक्टरांनी तिच्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली.

पहिले महिने तिनं मुगाचं पाणी चमच्यानं प्यायलं. घोट मोठा झाला, तर छातीत पहार रोवल्यासारखं व्हायचं. केस मुठीमुठीनं गळाले. पण अंग उतरत गेलं, धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तसं, आणि आत बुडालेलं जुनं गाव हळूहळू वर यावं तशी ती स्वतःलाच दिसू लागली. गळ्याची हाडं दिसली. पायाची बोटं दिसली. एका सकाळी सुखना तलावाच्या काठानं ती न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि बाकावर बसून रडली.

त्या दवाखान्यात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ऑपरेशन झालेल्यांची बैठक भरे. जेवणाचा सल्ला देणारी हरलीन ती चालवी. कुणाला काय पचलं, कुणाला कुठं अडकलं, कुणाच्या सासूनं बळंच पराठा वाढला, सगळं तिथं बोललं जाई. आणि तिथली एक रीत होती. वर्ष पुरं झालं, की आपला ऑपरेशनआधीचा सलवार-कमीजचा सूट घेऊन यायचा. त्या एका सुटात दोघींनी शिरायचं, एका बाहीत हिचा हात, दुसऱ्या बाहीत तिचा. टाळ्या वाजत, हरलीन फोटो काढी, आणि तो भिंतीवर लागे.

सरोजचा सूट हिरवा होता, पोपटाच्या पाठीसारखा. तिच्याबरोबर त्यात शिरली अंबाल्याची परमिंदर. दोघी इतक्या हसल्या, की शिवण उसवली. तो फोटो हरलीननं मोठा करून दाराच्या समोर लावला. येणाऱ्याला आधी सरोज दिसे, मग खुर्च्या.

अच्युतनं तो फोटो मोबाईलवर घेतला आणि सगळ्या पलटणीला दाखवला. "माझी मिसेस," तो म्हणे, "या सुटात आता दोन मावतात."

शेत राखणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. बांध कितीही उंच घाला, उंदराचं एक बीळ राहिलं, की रातोरात पाणी निघून जातं. सरोजचं बीळ तिच्या हातात होतं. ती ताट भरून कधीच जेवली नाही, जेवूच शकत नव्हती. पण दिवसभर चुलीपुढं उभ्या बाईला चव बघावी लागते. आमटीचा थेंब. भाजीची फोड. मग पोळीचा तुकडा गुळाला लावून. शिऱ्याच्या कढईच्या कडेला चिकटलेली खरपूड. कोरडं, जाड अन्न पिशवीत अडे, पण मऊ, ओलं, गोड अन्न वाट काढत खाली सरके. पोळीमागं एक तुकडा. तिला स्वतःला कधी वाटलंच नाही, की आपण खातोय.

एक दिवस नवा कुर्ता काखेत काचला. मग बांगडी अडकली. तिनं वजनाचा काटा पलंगाखाली सरकवला आणि रविवारच्या बैठकीला जाणं सोडलं. "डबे असतात हो, रविवारी पोरं घरीच असतात ना," असं ती हरलीनला फोनवर सांगे. ते खोटंही नव्हतं.

अच्युत वाईट माणूस नव्हता. पण तो सरळ बोलणारा. "सरकारनं पूल बांधून दिला आणि तू नदीतनंच चाललीस," तो एकदा म्हणाला. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर काहीच खाईना. त्यामुळं सगळंच खाणं त्याच्या माघारी होऊ लागलं.

घराबाहेर पडावं, तर लिफ्टमध्ये आरसा. बैठकीला जावं, तर भिंतीवर फोटो. घरात राहावं, तर दिवसभर हाताशी अन्न. असं तिन्ही बाजूंनी दार लागलं होतं, आणि चौथ्या बाजूला ती समोरची भिंत.

एक वाट मात्र मोकळी होती, ती फोनची. नवा पेशंट मराठी असला, की हरलीन सरोजचा नंबर देई. चंडीमंदिरच्या फौजी बायका, मोहालीची पोरं, तिला विचारत आणि ती सांगे. तिचं सांगणं असं, की ऐकणाऱ्याच्या पोटातला गोळा विरघळावा.

ईश्वरी अशीच आली. नाशिकची पोर, मोहालीत कॉम्प्युटरच्या कामाला, खोलीवर एकटी. साखर तिशीच्या आतच सुरू झालेली, रात्री श्वास अडकायचा. आईवडिलांना सांगायची हिंमत नव्हती. ती सकाळी सरोजच्या पोळ्यांच्या वेळेला फोन करी. ऑफिसला जाण्याआधी तेवढंच तिला निवांत बोलता यायचं.

"मावशी, केस परत येतात ना?"

"येतात गं. माझी वेणी आता बघशील तर."

"आणि लग्नात काय करायचं? पंजाबी लोक यार, प्लेट रिकामी दिसली की घाबरतात."

"रिकामी ठेवूच नकोस. एक पनीरचा तुकडा घ्यायचा आणि सगळ्या लग्नभर त्याच्याशी खेळायचं. 'आंटीजी, खा रही हूँ' म्हणत राहायचं."

ईश्वरी खळखळून हसे. मग एका सकाळी तिनं हसता हसता विचारलं, "मावशी, एक खरं सांगा. वजन परत वाढत नाही ना?"

सरोजच्या तोंडात त्या वेळी गुळाला लावलेला पोळीचा तुकडा होता. तो तिनं गालात सारला.

"नाही गं," ती म्हणाली. "मी सांगितलं तसं वागलं, तर नाही वाढत."

दुसऱ्या आठवड्यात ईश्वरीला गुरुवारची तारीख मिळाली. आधीच्या रविवारी बैठक होती. "मावशी, त्या दिवशी तुम्ही याच. मी अजून डॉक्टरांना पक्कं हो म्हटलेलं नाही. तुम्हाला डोळ्यांनी बघितलं, की म्हणणार."

"अगं, डबे—"

"एक रविवार. माझ्यासाठी. मला इथं दुसरं आहे कोण?"

सरोजनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. जावं, तर पोर तिला बघून पळेल, आणि त्या ऑपरेशनची तिला गरज होती. त्या अडकणाऱ्या श्वासाची भीती सरोजला ठाऊक होती. न जावं, तर एक पोर खोट्याच्या भरवशावर पोट कापून घेईल, आणि उद्या तिचंही पाणी झिरपलं, तर तिला वाटेल, जगात मी एकटीच नालायक.

शनिवारी दुपारी तिनं ट्रंक उघडली. वापरातले चांगले सूट कुठलेच बसत नव्हते, घरात ती गाऊनवरच असे. तळाशी हिरवा सूट होता, उसवलेली शिवण तिनंच कधी परत घातलेली. घातला. आता त्यात दोघी मावल्या नसत्या. दीड मावली असती.

अक्षरा दारात उभी राहिली. "मम्मी, ये क्यों निकाला?"

"हाच बसतो."

"पर वहाँ तो फोटो लगी है, इसी सूट में. सब लोग..."

"म्हणून तर," सरोज म्हणाली. पण रात्रभर तिला तसं वाटलं नाही.

रविवारी अच्युतनं तिला मोटारसायकलवरून सोडलं. दवाखान्याच्या फाटकाशी ती उतरताना तो एवढंच म्हणाला, "घ्यायला येतो. थांब सावलीत." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि ते तिला जास्त जड गेलं.

दारातच परमिंदरनं तिला मिठी मारली आणि इतके दिवस होतीस कुठं म्हणून रागावली. "नी सरोज! किथ्थे मर गई सी तू?" तिचा हात सरोजच्या पाठीवर फिरला, मध्येच थबकला, पण तिनं मिठी सोडली नाही. कानात पुटपुटली, "मेरा भी आधा वापस आ गया है. मैं बस काले कपड़े पहनती हूँ."

ती हॉलमध्ये शिरली. सगळ्यांची नजर आधी भिंतीवर गेली, मग दारात, मग परत भिंतीवर. तोच हिरवा रंग. पहिल्या खुर्चीवरची मोठ्या अंगाची, गोड चेहऱ्याची पोर उठून उभी राहिली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"सरोज मावशी?"

"हो, ईश्वरी."

ईश्वरीचे डोळे फोटोकडं गेले. "मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

"म्हणाले."

"का पण?"

सरोज खुर्चीत बसली. गुडघ्यांना आता आधार लागे. "तू घाबरू नयेस म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पण ते खरं नाही. फोनवर मला कुणी बघत नव्हतं. तेवढी एकच जागा उरली होती, जिथं मी अजून बारीक होते."

मराठी कळत नव्हतं त्यांनाही काय चाललंय ते कळत होतं.

"मग मी कशाला करू ऑपरेशन?" ईश्वरीचा आवाज चिरकला. "परत असंच व्हायला?"

"कर, असं मी आता म्हणणार नाही. तुझं तू आणि डॉक्टर ठरवा. माझ्या साखरेच्या गोळ्या सुटल्या, त्या अजून सुटलेल्या आहेत. झोपेत श्वास अडकत नाही. तेवढं खरं आहे. पण ते पोट कापून देतात गं. हात कापून देत नाहीत. हात दिवसभर आपलाच असतो."

ईश्वरीनं पर्स उचलली आणि ती निघून गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर बराच वेळ ऐकू येत राहिला, कारण ती सावकाश, कठड्याला धरून उतरत होती.

बैठक संपल्यावर सरोज हरलीनपाशी गेली. "वो फोटो उतार दीजिए."

हरलीननं तिचा हात हातात घेतला. "फोटो झूठी थोड़ी है, सरोज जी? उस दिन तो सच थी. नए लोगों को हौसला मिलता है." फोटो तिथंच राहिला. सरोज फाटकाशी सावलीत उभी राहिली, आणि तिला वाटलं, आपण खरं बोललो तरी सुटलो नाही. भिंतीवर ती आणि खाली आपण, दोघी एकाच सुटात अडकलोय.

सोमवारी पोळ्यांच्या वेळेला फोन वाजला नाही. सरोज लाटत होती, भाजत होती, आणि पोळपाटाशेजारी ठेवलेल्या फोनकडं बघत होती. त्या दिवशी तिनं किती तुकडे मोडले, तिलाच कळलं नाही.

मंगळवारी गूळ किसून झाला होता. पहिली पोळी उतरली, हातानं कोपरा तोडला, गुळावर दाबला, तोंडात घातला. आणि फोन वाजला.

"मावशी," ईश्वरी म्हणाली. आवाज झोप न झालेला. "मी अजून चिडलेली आहे."

"चिड."

"काल डॉक्टरांना मुद्दाम विचारलं. परत वाढतं का म्हणून. ते म्हणाले, वाढू शकतं, आणि लक्ष ठेवायला माणूस लागतं." मग तिनं विचारलं, "आत्ता तुमच्या तोंडात काही आहे का?"

सरोजचा हात तव्यावर थांबला. चौथा मजला, समोर भिंत, घरात कुणी नाही. काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"होता," ती म्हणाली. "पोळीचा तुकडा. गुळाचा."

"होता म्हणजे? थुंकलात?"

"गिळला."

मग ईश्वरीनं लांब श्वास सोडला. "ठीक. आता पुढची पोळी लाटा. ती उतरेपर्यंत मी फोन ठेवत नाही. आणि गुरुवारी पहाटे मला आत नेताना तुम्ही तिथं हव्यात."

"येते. त्याच सुटात येईन मात्र. दुसरा बसतोय कुठं?"

"या त्याच सुटात," ईश्वरी म्हणाली. ती हसली नाही, पण हसू जवळपास कुठंतरी होतं.

सरोजनं फोन मोठ्या आवाजावर टाकून पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. गोळा घेतला, लाटला, तव्यावर टाकला. पोळी फुगली. कोपरा तोडायला हात पुढं गेला, सवयीनं, आणि अधांतरी थांबला. फोनमधून ईश्वरीचा श्वास ऐकू येत होता, जड, मध्येच अडखळणारा, सरोजच्या स्वतःच्या जुन्या श्वासासारखा. तिनं अख्खी पोळी डब्यात ठेवली, हात गाऊनला पुसले, आणि पुढचा गोळा घेतला.