आक्काचा झाकलेला ग्लास

माझी माय दिवसभर पाणी पीत नसे. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या बायकांना तहान लागतच नसेल. मुरुडच्या पलीकडच्या आमच्या गावात पोट भरेना, म्हणून अण्णा आम्हाला घेऊन लातूरला आले, अडत बाजारात हमाली करू लागले, आणि काही वर्षांतच त्यांची कंबर गेली. ते खाटेला लागले तशी माय शहराबाहेरच्या एका तेलगिरणीत रोजंदारीवर जाऊ लागली. गिरणीच्या मागच्या उघड्या आवारात सोयाबीन चाळायचं, खडे वेचायचे, सांडलेलं झाडून गोळा करायचं. तिथं बायकांना लघवीला जायला जागा नव्हती. चारी बाजूंनी भिंत, समोर ट्रक, आणि ट्रकांवर माणसं. म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. दुपारी भाकरी खाल्ली की एक घोट तोंडात घ्यायचा, खळखळून गुळणी करायची आणि थुंकून टाकायचा. संध्याकाळी घरी आली की माय आधी न्हाणीकडे पळायची, मग माठाकडे. सुट्टीत माझी थोरली बहीण तिच्यासोबत कामाला जायची. ती गुळणी तीही शिकली.

ही थोरली बहीण म्हणजे सुमन, माझी आक्का. तिला जाऊन आता दीड महिना होईल. तिच्याबद्दल लिहा, असं या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. काय लिहायचं? माणूस गेलं, आणि ज्यासाठी ती झिजली ते बघायला ती राहिली नाही, एवढंच तर आहे. पण ज्यांनी तिला ओळखलंच नाही अशा लोकांनी तिच्यावर गोडगोड लिहिलेलं वाचलं, ‘समाजसेविका’ असा शब्द वाचला, आणि डोकं फिरलं. आक्काला तो शब्द सहन होत नसे.

आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी ती पहिली आणि मी दुसरी, हे मी मान वर करून सांगते. नांदेडच्या कॉलेजात ती उशिरा पोचली, बाकी विषयांच्या जागा भरल्या होत्या, तत्त्वज्ञानाच्या रिकाम्या होत्या. म्हणून तत्त्वज्ञान. मामा म्हणाले, “त्यानं घरातला कुकर शिट्टी मारतो का गं?” पहिल्याच तासाला सरांनी टेबलाजवळच्या खुर्चीवर हात ठेवून विचारलं, “वर्गात कुणी नसताना ही खुर्ची असते का?” आक्का उठली आणि म्हणाली, “सर, हॉस्टेलात मला अजून खुर्ची मिळाली न्हाई. ती कुठंतरी असंलच, म्हणून तर वाट बघायले.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “तू या वर्गात शेवटपर्यंत बस.” हा किस्सा तिनं मला इतक्यांदा सांगितला की ती खुर्ची मी पाहिल्यासारखी वाटते. सरांनी तिला एक सवय लावली. कुणीही काही ठासून बोललं की आधी बघायचं, ह्या बोलण्यातून बाहेर कोण राहिलं.

सुट्टीला घरी आली की ती मला छळायची. “बारके, दया आणि कर्तव्यात फरक काय?” मी म्हणायचे, “आक्का, उद्या गणिताचा पेपर हाय माझा.” मग स्वतःच उत्तर द्यायची. “दया करणाऱ्याला कंटाळा आला की थांबता येतं. कर्तव्यात ती सोय न्हाई.” अण्णा खाटेवरून ऐकायचे आणि म्हणायचे, “पोरगी बिघडली.” पण आवाजात कौतुक असायचं.

पुढं तिनं समाजकार्याची पदवी घेतली आणि तिला नोकरी लागली ती त्याच गिरणीत. नफ्यातला वाटा समाजासाठी खर्च करायचा कायदा आला होता, आणि ते काम बघायला कंपनीला माणूस हवं होतं. माय तोवर थकून घरी बसली होती. नेमणुकीचं कळलं तेव्हा ती गल्लीभर सांगत फिरली, “माझी लेक पुढच्या गेटानं जायली.” आक्काला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, स्टीलच्या ग्लासात झाकण घालून पाणी मिळू लागलं.

सुरुवातीला तिनं आसपासच्या गावांत संडास बांधून घेतले. फोटो निघाले, पाट्या लागल्या. एका गावच्या उद्‌घाटनाला मायच्या जुन्या सोबतीण शेवंतामावशी होत्या. त्यांनी आक्काच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “लई ग्वाड केलंस बाई. पण घरी मी असते कधी? तांबडं फुटायला निघते, दिवेलागणीला येते. तुझ्या संडासाला कुलूप लावून तुझ्याच गिरणीत येते की!” सगळ्या बायका हसल्या. आक्कासुद्धा हसली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांसमोर विषय काढला. मागच्या आवारात बायकांसाठी संडास बांधा, निधी आहेच. साहेब वाईट माणूस नव्हता, हे ती नेहमी सांगायची. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, निधी समाजासाठी आहे. या तर आपल्याच कामगार, त्या खर्चात बसत नाहीत.” आक्का म्हणाली, मग कामगार म्हणून बांधा. तर तो म्हणाला, “कामगार कुठं? त्या गुत्तेदाराच्या बायका. गुत्तेदाराला विचारा.” गुत्तेदार म्हणजे माणसं पुरवणारा ठेकेदार. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “जागा गिरणीची, मी काय डोक्यावर बांधू?” कामाच्या जागी संडास हवाच असा कायदा होताच, पण तपासायला कुणी आलं की त्याला ऑफिसातला फरशीचा संडास दाखवून चहा पाजला जायचा.

त्या दिवशी आक्का फोनवर मला म्हणाली, “बारके, निधीच्या दारात ह्या कामगार हायत, म्हणून समाज न्हाईत. कामगारांच्या दारात ह्या गुत्तेदाराच्या हायत, म्हणून कामगार न्हाईत. मग ह्या बायका हायत कुठं?” मी म्हटलं, “आक्का, नोकरी सांभाळ.” ती म्हणाली, “सर खुर्चीचं विचारत होते. मला वाटायचं, गंमत करायलेत...”

असं वर्षानुवर्षं चाललं. ती मांडायची, ते ऐकायचे, मान डोलवायचे. झाडं लागली, दप्तरं वाटली, कुठल्याशा समारंभात ढालसुद्धा मिळाली. ढाल घेतानाच्या फोटोत आक्काचं तोंड बघा, आजारी माणसासारखं आहे. मी तेव्हा म्हणाले होते, जरा हसायचंस ना. ती म्हणाली, “गिरणीच्या बाहेर जे करायलो ती दया हाय. आत करायचं ते कर्तव्य. आम्ही कर्तव्य बुडवून दया वाटायलो, आणि त्याची ढाल घ्यायलो.”

मग तिनं जे केलं ते मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तिनं गिरणीत पाणी पिणं सोडलं. ऑफिसातल्या संडासात जाणंही सोडलं. कुणाला सांगितलं नाही, कागद दिला नाही, काही नाही. शिपाई सकाळी ग्लास भरून ठेवायचा आणि संध्याकाळी तसाच ओतून टाकायचा. मला कळलं तेव्हा मी लातूरला जाऊन भांडले. “तुझ्या न पिण्यानं साहेबाला काय फरक पडतो? हा विचार हाय का वेडेपणा?” ती म्हणाली, “साहेबासाठी न्हाई गं. त्या खुर्चीवर बसून मला त्या बायकांचं खरं वाटेनासं झालं होतं. मायची तहान मी विसरायले होते.” मी म्हटलं, “माय असती तर थोबाडीत दिली असती.” तोवर माय गेली होती. आक्का हसली. “दिली असती खरी.”

तिची मूत्रपिंडं आधीच खराब झाली होती, लहानपणापासूनचं असेल, असं डॉक्टर म्हणाले. ते न पिण्यानं झालं का, असं मी विचारलं, तर त्यांनी स्पष्ट काही सांगितलं नाही. नांदेडला डायलिसिस सुरू झालं. तिथं पाण्यावर बंदी. दिवसभराला थोडंसंच, ओठ ओले होतील इतकं. गिरणीत पाणी प्यायला मिळालं नाही आणि आता दवाखान्यात पिऊ देत नव्हते... मी पडद्याआड जाऊन रडायचे. आक्का नर्सला म्हणायची, “माझी काळजी करू नका सिस्टर, मला सवय हाय.” आणि घोटभर पाणी तोंडात घेऊन, खळखळून, वाटीत थुंकायची. मायसारखी. मला ते बघवायचं नाही.

ती दवाखान्यात पडल्यावर शिपायानं मागच्या आवारात ग्लासाची गोष्ट सांगितली. बायका आधी आक्कावरच चिडल्या. मग एका सकाळी त्या कामावर आल्या त्या घरून तांब्यावर तांबे पाणी पिऊन. आवारातल्या टाकीवर आणखी प्यायल्या. काही वेळानं सगळ्या उठल्या, डोक्यावरचे पदर सारखे केले, आणि चाळण्या खाली ठेवून सरळ ऑफिसात गेल्या. साहेबांच्या केबिनसमोरच्या त्या एका संडासापुढं त्यांची रांग लागली. रांग जिन्यावरून खाली, पार पुढच्या गेटापर्यंत. साहेब बाहेर आले. “हे काय चाललंय?” सगळ्यांत पुढं शेवंतामावशी होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, लागलीय.” आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही रांग, तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत गिरणीत माल बघायला बाहेरचे व्यापारी येत होते, त्यांना रांगेतून वाट काढावी लागायची. आठवड्याच्या आत मागच्या आवारात विटा पडल्या.

मावशी एसटीनं नांदेडला आल्या आणि खाटेजवळ बसून त्यांनी हे सगळं हातवारे करून सांगितलं. “सुमे, तुझ्यासाठी न्हाई गेलो बरं का, आमच्या पोटासाठी गेलो,” असं बजावलंही. आक्का इतकी हसली की नर्स धावत आली. हसून झाल्यावर म्हणाली, “मावशी, कडी आतून बसवायला सांगा. ते बाहेरून कुलूप लावतेत.” माझ्याकडे वळून म्हणाली, “बारके, मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दल विचार करायले. त्या माझ्यापेक्षा नीट विचार करायल्या होत्या.” मला तिचा विचार नको होता, मला आक्का हवी होती. काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, डायलिसिस चालू असतानाच ती गेली.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला मी गिरणीत गेले. साहेब उठून उभे राहिले, त्यांचे डोळे भरले होते, ते खरेच भरले होते. म्हणाले, त्या बांधकामाला मॅडमचं नाव देऊ, पाटी लावू. मी म्हटलं, “पाटी नको. देणं दिल्यावर पाटी लावत नसतात.” आक्काच्या टेबलावर तो ग्लास होता, झाकण घातलेला. शिपायानं अजून रोज भरणं सोडलं नव्हतं. मी झाकण काढलं आणि उभ्यानं ते पाणी संपवलं. मग ग्लास पिशवीत न टाकता मागच्या आवारात नेला आणि नळाजवळ उलटा ठेवला.

संडास बांधून झाले आहेत. कडी आतून लागते, नळाला पाणी आहे. गिरणीतल्या बायका आता दिवसा पाणी पितात.