पदराला गाठ असलेल्या साड्या

आता काय सांगू तुम्हाला, सांगताना माझी मलाच लाज वाटते. पण मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ही गोष्ट आजवर इतक्या जणांना सांगितलीय की तुम्हाला ती माझ्याच तोंडून कळलेली बरी. निदान मी स्वतःला थोडं सांभाळून घेईन. तुम्ही चहा घ्या, गार होईल.

मी वाळूजला एका कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कुठल्या रॅकवर कुठला बोल्ट, डोळे मिटून सांगायचो. रिटायर होऊन घरी बसलो तेव्हा लक्षात आलं, की पुंडलिकनगरातलं आमचं घर म्हणजे कुणीच न सांभाळलेलं स्टोअर आहे. दिवाणात भांडी, भांड्यांत पिशव्या, पिशव्यांत आणखी पिशव्या. त्यात आमची लेक बाळंतपणाला यायची होती. म्हटलं, जागा करायलाच पाहिजे.

मोबाइलवर एक बाई घर आवरायचं शिकवतात. त्यांचा एक नियम मला फार पटला. वर्षभर न उघडलेलं गाठोडं उघडून बघायचं नाही, तसंच देऊन टाकायचं. उघडलं की मन अडकतं, आणि मन अडकलं की कपाट काही रिकामं होत नाही.

माझा एक स्वभाव आत्ताच सांगून ठेवतो. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला ते कळलेलं असतं. म्हणजे, मला तसं वाटतं.

मंगल आठ दिवसांसाठी पैठणला तिच्या मोठ्या बहिणीकडं गेली आणि मी कंबर कसली. तिच्या कपाटात अगदी तळाला एक गाठोडं सापडलं. जुन्या साडीच्या धडप्यात बांधलेलं, चांगलं वजनदार. ते बाहेर काढतोय तोच गल्लीत हाक आली, "जुन्या कपड्यावर भांडेऽऽ!" योग बघा कसा असतो.

भांडेवाली कांताबाई दारात टोपलं उतरवून बसली. म्हणाली, "हर्सूलहून डोक्यावर आणते साहेब, कपडे जरा बरे द्या."

मी गाठोडं तिच्यापुढं ठेवलं आणि पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

"साहेब, तिकडं काय बघायलेत?"

"नियम आहे. तुम्ही बघा, मी बघणार नाही."

माझ्या मागं बराच वेळ उलथापालथ चालली. मग तिनं एक झाकणाचा स्टीलचा डबा दिला, वर एक वाटी. मी इतका खूश झालो की तिला चहा करून पाजला.

दुसऱ्या दिवशी मंगलचा फोन. "अहो, बाळाला आईच्या साड्यांची वाकळ शिवायचीय. वाकळ शिवणाऱ्या शेवंताबाई शनिवारी यायच्यात. त्या साड्यांचं गाठोडं आहे ना, ते..."

माझी नजर ओट्यावरच्या नव्या डब्याकडं गेली.

"आहे, आहे. जागच्या जागी आहे," असं म्हणून मी फोन ठेवून दिला. तिनं परत केला, मी उचलला नाही. उचलून सांगणार काय?

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या. तेव्हा मंगलनं माहेरी ना दागिना मागितला, ना भांडं. आईच्या अंगावरच्या चार सुती साड्या तेवढ्या मागून आणल्या. पुढं लेकीच्या बाळाला पणजीची ऊब मिळावी एवढीच तिची इच्छा. आणि मी त्या साड्या एका डब्यावर दिल्या, त्याही पाठ फिरवून.

स्कूटर काढली ती थेट हर्सूल. कांताबाईचं घर कुणीही दाखवतं. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एकीकडं साड्यांचा ढीग, दुसरीकडं पँट-शर्टांचा.

"बाई, माझ्या साड्या परत द्या."

"साड्या?" कांताबाई विचारात पडली. "साहेब, तुमच्या गाठोड्यात तर मला..."

"आठवत बसायला वेळ नाही. साड्यांचा ढीग हाच ना?"

"व्हय, ह्योच. पर..."

"मग झालं."

मग तिनं साधा प्रश्न विचारला, "कोणत्या रंगाच्या व्हत्या?"

एकतीस वर्षं पैठणला ज्या सासूबाईंच्या हातचं जेवलो, त्यांच्या एका साडीचा रंग मला सांगता येईना. बोल्टांचे नंबर पाठ असलेला माणूस मी. खरं सांगतो, त्या ढिगापुढं मला स्वतःची फार लाज वाटली. डोळ्यांसमोर सासूबाईंचा चेहरा येत होता, हात येत होते, साडी काही येत नव्हती.

आणि मग एक गोष्ट आली. पैठणला गेलो की सासूबाई पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडायच्या, खडीसाखरेचा एक खडा काढायच्या आणि माझ्या तळहातावर ठेवायच्या. "घ्या जावईबापू, उन्हातून आलात." मी पन्नाशी ओलांडली तरी त्या खडा द्यायच्या आणि मी तो निमूट तोंडात टाकायचो. इतक्या वर्षांच्या गाठीनं पदराचं टोक चुरगळलेलं असणारच!

म्हटलं, सापडली खूण. पहिली साडी ओढली. टोक चुरगळलेलं. हीच! दुसरी ओढली. तीही तशीच. तिसरीचं टोक तर पार विरलेलं. मी एक साडी नाकालाही लावून बघितली. खडीसाखरेला वास नसतो हे मला तेव्हा कळलं.

कांताबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, समद्या आयांच्या पदराला गाठ असतीय. कुणी चावी बांधती, कुणी दवाखान्याची चिठ्ठी."

एकही साडी खाली ठेवायचा धीर होईना. नेमकी ठेवलेली सासूबाईंचीच निघाली तर? शेवटी मऊ, सुती आणि गाठीची खूण असलेल्या अशा अकरा साड्या बाजूला निघाल्या. हव्या होत्या चार.

डबा आणि वाटी मी परत केली. ती म्हणाली, "ह्ये तुमच्या गाठोड्याचं झालं. अकरा साड्या लई झाल्या. घरातून दुसरं काय तरी आणा. धंदा अदलाबदलीचा हाय."

मी घरी गेलो आणि चॉकलेटी सफारी घेऊन आलो. ह्याच सफारीत मी मंगलला बघायला गेलो होतो. गेली वीस वर्षं तिचं एकही बटण लागत नाही, तरी हँगरवर होती. ती कांताबाईच्या हातात दिली आणि पाठ फिरवली. ह्या वेळी नियम म्हणून नाही. बघवलंच नाही.

शनिवारी सकाळी मंगल आली. मी साड्यांचं गाठोडं पलंगावर अगदी मधोमध ठेवलं होतं.

तिनं ते सोडलं, एक साडी उचलली, दुसरी उचलली. "अहो, ह्या कुणाच्या?"

"आईंच्या."

"आईच्या तर ह्या." तिनं पिशवीतून चार साड्या काढल्या. "ताईला दाखवायला मी पैठणलाच नेल्या होत्या. फोनवर तेच सांगत होते, की ते गाठोडं मी इकडं आणलंय. तुम्ही ऐकून घ्याल तर ना."

हळदी, जांभळी आणि दोन हिरव्या. बघताक्षणी ओळखू आल्या.

"मग कपाटाच्या तळाशी होतं ते?" मी विचारलं.

"ते दिलंत?" मंगल मटकन खाली बसली. "त्यात तुमचे जुने शर्ट होते. तुम्ही एक चिंधी टाकू देत नाही, म्हणून कितीतरी वर्षं तुमची नजर चुकवून एकेक लपवत होते. भांडेवालीला द्यायचा मला धीर होईना. आणि ह्या साड्यांवर काय दिलंत?"

"सफारी."

ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "पण ह्याच अकरा का उचलल्यात?"

मी गाठीचं सांगितलं. खडीसाखरेचंही.

तिचं हसू थांबलं. एका परक्या साडीचं टोक हातात घेऊन ती अंगठ्यानं त्याच्या चुण्या सारख्या करत राहिली. "तुम्हाला ते आठवतं?"

"तेवढंच आठवत होतं," मी म्हटलं.

तेवढ्यात शेवंताबाई आल्या. मंगलनं पंधराच्या पंधरा साड्या त्यांच्यापुढं ठेवल्या. "आईच्या वरून लावा, ह्या आत घाला. ह्या पण कुणाच्या तरी आईच्याच आहेत."

नात आता चार महिन्यांची आहे. तिची वाकळ एवढी मोठी झालीय की तीत ती, तिची आई, मंगल आणि मी, सगळे मावतो. आल्या-गेल्याला मंगल ती उलगडून दाखवते. "वरून माझी आई. आत ह्यांच्या अकरा सासवा."

आणि कांताबाई? ती आता आमच्या फाटकाशी आली की भांड्यांची हाकच देत नाही. टोपलं उतरवते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते, "साहेब, आज दोन सासवा आणल्यात गाठीच्या, ठिवू का?"

मी पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहतो.