खोकं उघडा, काका

वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दहावीत होते. मुलुंडला होता तो, पंख्यांची पाती बनवायचा. एका सकाळी गेटला कुलूप आणि बाजूला नोटीस. वडील तरीही काही दिवस डबा घेऊन जात राहिले. कोणीतरी येईल, काहीतरी सांगेल, म्हणून. कोणी आलं नाही. मग त्यांनी डबा नेणं बंद केलं आणि आईने घरकामाची आणखी दोन घरं धरली.

आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहतो. एक खोली, वर पोटमाळा. त्या वर्षी घरात दूध यायचं बंद झालं. आम्ही कोरा चहा प्यायचो आणि कोणी आलं की आई म्हणायची, "आमच्याकडे सगळ्यांका कोरोच आवडता." मला तो कधीच आवडला नाही. वडिलांनी मिळेल ते केलं. रंगाऱ्याच्या हाताखाली गेले, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावल्या. पण माझं कॉलेज सोडवायचं, असं घरात कोणी एकदाही बोललं नाही. मी बी.कॉम. झाले. गावचे आणि मुंबईचे सगळे धरले तरी आमच्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही.

ऑडिट करणाऱ्या एका फर्ममध्ये नोकरी लागली. मुलाखत व्हिडिओवर झाली, निवड ईमेलवर कळली आणि ऑफिस कुरिअरने आलं. कुरिअरवाला डोंगर चढायला तयार नव्हता. वडील खाली उतरले आणि लॅपटॉपचं खोकं दोन्ही हातांत धरून, हॉस्पिटलातून बाळ आणावं तसे वर आले. फर्मची अंधेरीला जागा आहे, पण तिथे क्वचित बोलावतात. बाकी सगळे आपापल्या घरून काम करतात.

शेजारची मावशी दारातच म्हणाली, "ऑफिसात जात नाहीस, साहेब दिसत नाही, मग पगार कोण देतो गं तुला? नीट बघ हां, फसवतील."

"तिचा साहेब डब्यात राहतो," वडील म्हणाले. "झाकण उघडलं की ओरडतो."

नेटवर्क फक्त मोरीच्या बाजूला मिळायचं, म्हणून घडीचं टेबल तिथे लागलं. कॅमेऱ्यात दिसते तेवढीच भिंत वडिलांनी रंगवली. मोजून, पट्टी लावून. तिच्या वर आणि खाली जुना पोपडा तसाच. मीटिंगमध्ये मी त्या पांढऱ्या चौकोनात बसायचे. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की आई हात वर करायची आणि मी माईक बंद करायचे. आमचं दोघींचं ते ट्रेनिंग चांगलं झालं.

माझं खरं ट्रेनिंग मात्र अडखळत चाललं होतं. बाजूला कोणी बसलेलं असलं की बघून बघून शिकता येतं. इथे बघायला कोणी नाही. आपण विचारलं नाही तर आपल्याला येत नाही हे कोणाला कळतही नाही. माझ्या सीनियर बोरिवलीला राहायच्या. मला त्या फक्त आवाजाने माहीत. त्या काहीही सांगोत, मी म्हणायचे, "ओके मॅडम." पहिले सहा महिने मी तात्पुरती होते. काम जमलं तर कायम, नाही तर लॅपटॉप परत. तोवर घराचं भाडं आणि वाणसामान माझ्या पगारावर आलं होतं.

ते सहा महिने संपत आले तेव्हा मला पहिल्यांदा एकटीने मालाची मोजणी दिली. म्हणजे कंपनीने जेवढा माल आहे म्हणून लिहिलंय, तेवढा खरंच आहे का ते बघायचं. गोडाऊन भिवंडीला, मी घाटकोपरला. तिथले काका मोबाइल धरून फिरणार आणि मी व्हिडिओवर बघणार. मिक्सरची खोकी होती, छतापर्यंत.

काका माझ्या वडिलांपेक्षा मोठे असतील. कपाळाला रुमाल बांधलेला. "बघा मॅडम," म्हणत ते मला रांगारांगांतून हिंडवत होते. मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. मला दिलेल्या कामांच्या यादीत होतं की मधली काही खोकी उघडून आतला माल बघायचा. मी म्हटलं, "काका, यातली एक-दोन उघडून..."

"अहो, सगळी सीलबंद आहेत. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तसं नाही हो काका. राहू दे, राहू दे."

आणि मी बाहेरूनच मोजून मोकळी झाले. रिपोर्टमध्ये खरं तेच लिहिलं, खोकी उघडलेली नाहीत. थोड्याच वेळात मॅडमचा फोन.

"अगं, उघडली का नाहीस?"

"मॅडम, ते म्हणाले सील आहे."

"सील आहे म्हणूनच उघडायचं ना! नुसती खोकी मोजायला आपण कशाला हवोत? हे बघ, तुझ्या कन्फर्मेशनचे कागद माझ्या टेबलावर आहेत. मला त्यावर सही करायची आहे गं. पण हा रिपोर्ट लावून कशी करू? उद्या परत कॉल लाव. आणि अडलं तर मला विचार. किती महिने झाले, तू मला एक प्रश्न विचारला नाहीस."

त्या चिडल्या नव्हत्या. त्यामुळे मला जास्त रडू आलं.

का उघडायला सांगितलं नाही, ते मला माहीत होतं. आई ज्या सोसायटीत कामाला जाते तिथे बाहेर पडताना गेटवर कामवाल्यांच्या पिशव्या तपासतात. शाळेला सुट्टी असली की मी तिच्यासोबत जायचे. वॉचमन तिची पिशवी टेबलावर ओतायचा. डबा, कंगवा, घरी नेलेली शिळी चपाती, सगळं पसरायचं. आई तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभी राहायची. मीही दुसरीकडे बघायला शिकले. विश्वास नाही का, असं काकांनी विचारलं आणि मी त्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी आईला हे सांगितलं. मला वाटलं ती गप्प होईल. ती भाकरी थापता थापता भडकली.

"म्हणजे माझ्या पिशवीपायी तू नोकरी घालवतलंस?"

"तुला वाईट वाटत नाही का पण?"

"बघूदेत की पिशवी. त्यांची सोसायटी आसा, बघणारच. बघून झाल्यावर जा म्हणत नाय तो, हात करता, कुत्र्याक हाकलल्यासारखो. ताचो राग येता माका. आणि बाराव्या मजल्यावरची बाई तीन पिशव्या घेऊन जाता, तिची कधी बघणत नाय."

वडील दारातून म्हणाले, "तुझ्या काकांना सांग, बाबा, माझी पोर तात्पुरती आहे. खोकं उघड, नाहीतर पोरगी परत कॉलेजला."

आम्ही हसलो. पण आईने म्हटलेलं माझ्या डोक्यात बसलं.

सकाळी आधी मॅडमना फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "वाईट न वाटू देता उघडायला कसं सांगायचं?" त्या म्हणाल्या, "का उघडायचं ते आधी सांगायचं. आणि कुठलं ते आपण निवडायचं, त्यांनी नाही."

मग काकांना कॉल लावला. "काका, काल माझं काम अर्धं राहिलं, चूक माझी. आम्ही प्रत्येक गोडाऊनमध्ये खोकी उघडतो, मालक समोर असले तरी. उद्या इथे काही कमी निघालं तर पहिलं बोट तुमच्याकडे जाईल. आज उघडून बघितलेलं असलं तर माझा रिपोर्ट तुमच्या बाजूने बोलेल. चालेल?"

काकांनी मोबाइल एका रॅकला टेकवून कटर काढला. "सांगा, कुठलं?"

मी पुढचं सांगितलं, मधलं सांगितलं, नवा माल निघाला. मग अगदी मागच्या रांगेतलं, खालचं. काका म्हणाले, "ते काढायला वरची उतरवावी लागतील."

"माफ करा काका, पण तेच हवंय. मी थांबते. दमलात तर बसा."

त्यात दुकानांतून परत आलेले मिक्सर निघाले. भांड्यांना पोचे, एकाचं बटण तुटलेलं. बाजूची आणखी काही उघडायला लावली, तर मागची अख्खी रांगच तशी होती आणि कंपनीच्या यादीत ती नव्या मालात धरलेली. काकांनी कपाळाचा रुमाल सोडून तोंड पुसलं. "जागा नव्हती मॅडम, म्हणून नव्या खोक्यांत भरून मागे लावला. वेगळा लावायला माणूस द्या म्हणून मीच ओरडत होतो. हे लिहाल ना?"

"लिहिते. परत आलेला माल वेगळा धरा, असंच लिहिते. आणि तुम्ही स्वतः उतरवून दाखवलंत, तेही लिहिते. झालं काका. खूप वेळ दिलात, आता चहा घ्या."

रिपोर्ट गेला. कंपनीने ती रांग नव्या मालातून कमी केली. मॅडमनी मला एवढंच लिहिलं, "आता जमलं." त्यांनी सही केली.

कन्फर्मेशनचा ईमेल मी घरात मोठ्याने वाचला, मग त्याचा मराठीत अर्थ सांगितला, मग वडिलांनी पुन्हा वाचायला लावला. पुढच्या महिन्यात आईने वाढवलेली दोन्ही घरं सोडली. मी आता ऑडिटर आहे, कायम नोकरीत. आमच्या घरात अशी मी पहिली.